पत्त्यांची खोटी वाटणी : हात बसवण्याची रीत

पत्ते वाटताना सर्वांत वरचे पान देत आहोत असे भासवायचे आणि प्रत्यक्षात दुसरेच पान द्यायचे, या हातचलाखीला खोटी वाटणी म्हणतात. वरचे पान जागच्या जागी राखून त्याच्या खालचे दिले तर ती सेकंड डील, कॅटच्या तळाचे पान दिले तर बॉटम डील आणि कॅटच्या पोटातून काढून दिले तर सेंटर डील. पत्त्यांचे काम करणाऱ्या मंडळींत हीच नावे चालतात, म्हणून या लेखातही मी तीच वापरणार आहे. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी गेली २२ वर्षे मी हा सराव करीत आले आहे, आणि जे कोणी शिकायला आले ते जवळजवळ सगळे एकाच ठिकाणी अडखळलेले मला दिसले. ते पहिल्या दिवसापासून खोटी वाटणी शिकू लागतात. वास्तविक खोटी वाटणी ही खऱ्या वाटणीची नक्कल असते, आणि ज्याची खरी वाटणीच दर वेळी वेगळी पडते त्याच्याजवळ नक्कल करण्याजोगे मूळच नसते.

पुढे जाण्यापूर्वी एक अट सांगणे मला आवश्यक वाटते. गुजरातेत श्रावण महिना आणि पत्ते यांचे नाते जुने आहे. सातम-आठमच्या, म्हणजे जन्माष्टमीच्या, सुमारास घरोघर डाव बसतात, त्यांतले काही पैशांवर चालतात आणि पोलिसांच्या धाडींच्या बातम्याही दर श्रावणात वाचायला मिळतात. जुगाराचा अड्डा चालवणे आणि तिथे खेळणे हा १८८७ सालच्या, मुंबई इलाख्याच्या काळापासून चालत आलेल्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली आजही गुन्हा आहे. त्यात खोटी पाने वाटणे ही तर सरळसरळ फसवणूक. माझ्याकडे शिकणाऱ्याकडून मी एवढेच कबूल करून घेते, की जिथे पैसे लागलेले असतील तिथे त्याने कॅट हातातच घ्यायचा नाही, खरेपणाने वाटण्यासाठीसुद्धा नाही. ज्याला ही विद्या येते हे चार लोकांना ठाऊक आहे, त्याचा प्रामाणिक डावही त्यानंतर संशयातच राहतो. करमणुकीच्या प्रयोगात मात्र प्रेक्षक आधीच सावध असतात, आणि सावध डोळ्यांसमोर पान बदलणे हीच या कलेची खरी कसोटी आहे.

कॅट आणि बैठक

स्वस्त कागदी कॅटची कड खरखरीत असते, दोन पाने एकमेकांना चिकटून येतात आणि दोष हाताचा की पत्त्याचा हे नवशिक्याला कळत नाही. निव्वळ प्लास्टिकचे पत्ते उलट फार निसरडे असतात. पृष्ठभागावर बारीक खळगे उमटवलेले, कागदाचेच पण चांगल्या लेपाचे पत्ते घ्यावेत. १८८५ पासून निघणारे ‘बायसिकल’ या छापाचे पत्ते या जातीचे आहेत आणि ते आता आपल्याकडेही सहज मिळतात. पत्त्याची रुंदी दोन प्रकारची असते: ६३ मिलिमीटर आणि ५७ मिलिमीटर. ज्यांचा पंजा लहान आहे त्यांनी ५७ मिलिमीटरचा अरुंद कॅट घेण्यात कमीपणा मानू नये. मी स्वतः त्यावरच शिकले आणि चौथ्या वर्षी रुंद कॅटवर गेले.

पाठीच्या नक्षीचाही विचार करावा. ज्या पत्त्यांच्या पाठीला पांढरी किनार असते, त्यांत वरचे पान जरासे सरकले की खालच्या पानाची किनार वेगळी रेघ होऊन दिसते. कडेपर्यंत एकसारखी नक्षी असलेल्या पाठीवर तीच हालचाल नजरेला लागत नाही. म्हणूनच शिकताना किनारीचा कॅट वापरावा, कारण तो चूक लपवत नाही, आणि प्रयोगाला बिनकिनारीचा घ्यावा.

बैठकीसाठी काचेचे किंवा सनमायकाचे टेबल उपयोगाचे नाही. पान घसरत दूर जाते आणि उचलताना कड मुडपते. घरातली जुनी गोधडी दुहेरी घडी करून टेबलावर अंथरली की पान पडते तिथेच थांबते. पावसाळ्यात बडोद्याची हवा इतकी दमट होते की उघडा ठेवलेला कॅट दोन दिवसांत फुगतो, म्हणून तो घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. कॅरमची पावडर पत्त्यांना लावण्याचा मोह काहींना होतो. ती लावू नये, कारण खोट्या वाटणीत पाने निसटणे जितके हवे असते तितकेच ती थांबणेही हवे असते.

पकड आणि खरी वाटणी

कॅट डाव्या हातात असा धरावा की त्याची डावी लांब कड अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसल उंचवट्याला टेकेल आणि मागचा डावा कोपरा तळहातात रुतल्यासारखा स्थिर होईल. तर्जनी पुढच्या आखूड कडेवर, उजव्या कोपऱ्याच्या जवळ वाकवून ठेवावी. उरलेली तीन बोटे उजव्या लांब कडेवर येतील, परंतु त्यांची टोके वरच्या पानाच्या पातळीपेक्षा वर डोकावता कामा नयेत. या शेवटच्या गोष्टीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते आणि पुढे सेकंड डील शिकताना पान त्या बोटांना अडकते. तेव्हा मग सगळी पकड मोडून पुन्हा बांधावी लागते. अंगठा पाठीवर तिरपा पडावा आणि त्याचे टोक पुढच्या बाजूला असावे. या पकडीला मेकॅनिक ग्रिप म्हणतात. ती बांधल्यावर कॅट उलटा केला आणि हलकेच हलवला तरी एकही पान सुटू नये, आणि तरीही अंगठ्याला वरचे पान सहज लोटता यावे, इतपत ती सैल असावी.

आता खरी वाटणी. अंगठ्याने वरचे पान उजवीकडे जेमतेम एक-दीड सेंटिमीटर लोटावे. उजवा हात कॅटपाशी यावा, त्याचा अंगठा पानाच्या पुढच्या उजव्या कोपऱ्यावर वरून आणि पहिली दोन बोटे खालून लागावीत, आणि पान घेऊन हात निघून जावा. पान लोटून उजव्या हाताच्या भेटीला पाठवायचे नाही, उजव्या हाताने कॅटपर्यंत यायचे आहे. घरगुती खेळात आपण अंगठ्याने पान चांगले अर्ध्यावर बाहेर काढतो आणि मनगट झटकून फेकतो. ती सवय खोट्या वाटणीला मारक आहे, कारण तळाचे किंवा दुसरे पान इतके मोठे अंतर काटून बाहेर येऊच शकत नाही. म्हणून आपली खरी वाटणीच लहान, आखडती आणि नेमकी करून घ्यावी लागते. मी पहिले ३ महिने एवढेच करायला लावते, आणि या ३ महिन्यांत निम्मे विद्यार्थी येईनासे होतात.

आणखी एक अडचण आपल्याकडची आहे. मेंढीकोटासारख्या खेळात अनेक घरांत पाच, चार, चार असे एकदम घोसाने पत्ते वाटतात. अशा वाटणीत हात वेगळा चालतो आणि त्यावर बसवलेली लय एकेका पानाच्या वाटणीला लागू पडत नाही. सरावासाठी रमी, नॉट ॲट होम किंवा तीन पत्ती यांची वाटणी धरावी, जिथे एकेक पान फिरते.

लयीसाठी मी जो उपाय सांगते तो घरातच सापडला. माझा भाचा सुरसागराजवळच्या संगीत महाविद्यालयात तबला शिकत असे आणि संध्याकाळी घरी रियाजाला बसे. एकदा त्याच्या तीनतालावर मी मात्रेला एक पान याप्रमाणे वाटू लागले. १६ मात्रांची ३ आवर्तने झाली की ४८ पाने संपतात आणि ४ हातात उरतात. त्या दिवशी मला कळले की माझे हात आठव्या-नवव्या मात्रेला, खालीच्या, म्हणजे टाळी न देता हात हलवायच्या मात्रेच्या, आसपास, दर आवर्तनात मंदावतात. मी खऱ्याच वाटणीत मागे पडत होते. आज ठेक्याचे ॲप फोनवर मिळते, तबलजी घरात असण्याची गरज नाही. विलंबित लयीपासून सुरुवात करावी, आणि सगळी पाने सलग तीन वेळा मात्रेवर पडल्याशिवाय लय वाढवू नये.

दुसरे पान

सेकंड डीलच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीला स्ट्राइक म्हणतात. तीत डाव्या अंगठ्याने वरचे पान लोटण्याच्या हालचालीतच ते एक-दोन मिलिमीटर मागे, आपल्या अंगाकडे ओढले जाते आणि पुढच्या उजव्या कोपऱ्याशी दुसऱ्या पानाची बारीकशी कड उघडी पडते. उजवा अंगठा वरच्या पानाला न शिवता नेमका त्या कडेवर टेकतो आणि दुसरे पान उजवीकडे ओढून घेतो. त्याच क्षणी डावा अंगठा वरचे पान परत जागेवर आणतो. पाहणाऱ्याला एवढेच दिसते की अंगठ्याने पान लोटले आणि उजव्या हाताने ते घेतले.

यात उजव्या अंगठ्याचा स्पर्श ही सगळी विद्या आहे. नखाजवळचा भाग लागला तर पान येत नाही आणि अंगठ्याचे मधले पेर लागले तर वरचे पानही सोबत येते. टोकाचा मांसल भाग, तोही वरून दाबून नव्हे तर बाजूने निसटता, लागला पाहिजे. हिवाळ्यात अंगठे कोरडे पडतात आणि स्पर्श सुटतो; अशा वेळी ग्लिसरिनचा एक थेंब चोळून लगेच पुसून टाकावा. उघडी पडणारी कड प्रारंभी चांगली चार-पाच मिलिमीटर असली तरी चालेल. ती कमी करत नेण्याचे काम महिनोन्‌महिने चालते, आणि एका पानाची जाडी सुमारे ०.३ मिलिमीटर असते हे लक्षात घेतले म्हणजे बोटाला किती बारीक फरक ओळखायला शिकवायचे आहे याची कल्पना येईल.

दुसरी रीत पुश-ऑफची. तीत डावा अंगठा वरची दोन पाने एकावर एक तंतोतंत जुळलेली, जणू एकच पान आहे अशी लोटतो. उजव्या हाताची बोटे खालून दुसऱ्या पानाला लागतात आणि ते घेऊन जातात, तर डावा अंगठा वरचे पान मागे घेतो. दिसायला ही रीत अधिक सुंदर आहे, कारण तीत पान खरोखरच बाजूला लोटलेले दिसते. पण दोनच पाने, न कमी न जास्त, दर वेळी जुळून येणे हे अंगठ्याच्या दाबावर आणि उजव्या कडेवरच्या बोटांनी केलेल्या अटकावावर अवलंबून असते, आणि कॅट जरा जुना झाला की तो दाब बदलतो. मी स्ट्राइक आधी शिकवते. पुश-ऑफ आधी शिकलेले हात ती सोडून स्ट्राइककडे वळायला तयार होत नाहीत, आणि नव्या-जुन्या कोणत्याही कॅटवर भरवसा ठेवता येईल अशी रीत माझ्या मते स्ट्राइकचीच आहे.

परीक्षा सोपी आहे. सर्वांत वरचे पान, समजा इस्पिकचा एक्का, तोंड वर करून ठेवावे आणि वाटायला लागावे. उरलेली ५१ पाने पाठ वर ठेवून पडत गेली पाहिजेत आणि एक्का शेवटपर्यंत हातातच, जागचा न हललेला दिसला पाहिजे. पहिल्या आठवड्यात तो पाचव्या-सहाव्या पानालाच सोबत निघून येतो. तसे झाले की तिथे थांबून पकड तपासावी. पान मागे सरकवून तसेच पुढे वाटत राहिल्याने चूक हातात मुरते.

येथे मला माझीच एक चूक सांगायची आहे. दीड वर्षाच्या सरावानंतर माझा एक्का ५१ पाने टिकू लागला होता आणि आरशात मला काहीच दिसत नव्हते. माघ महिना होता; वहिनी माझ्याकडे पाठ करून जमिनीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी वाटत होते, मध्ये काही पाने खरी, काही खोटी. त्या वळल्या नाहीत, सोलणेही थांबले नाही, पण म्हणाल्या, “मधूनच एखादं पान घासून येतंय का गं?” मी पुन्हा वाटले आणि प्रत्येक खोट्या पानाला त्या “हे” म्हणत गेल्या. माझे डोळे दीड वर्ष फसत होते, त्यांचे कान एका मिनिटात फसले नाहीत. दुसरे पान वरच्या पानाच्या आणि कॅटच्या मधून निघते, दोन्ही बाजूंनी घासते, आणि म्हणून त्याचा आवाज खऱ्या पानापेक्षा लांब व खरखरीत येतो. हा आवाज पूर्ण घालवता येत नाही. डाव्या अंगठ्याचा दाब पान निघताना हलका केल्याने तो कमी होतो, आणि उरलेल्यासाठी खऱ्या पानाचा आवाज थोडा वाढवावा लागतो, म्हणजे खरे पानही अंगठ्याखालून जरासे घासून द्यावे. त्या दिवसापासून मी माझी सगळी खरी वाटणी नव्याने बसवली.

आरशाबद्दलही सावध राहावे. हालचाल करण्याच्या नेमक्या क्षणी आपले डोळे आपोआप मिटतात, आणि आरशासमोर बसलेल्याला आपली चूक कधीच दिसत नाही. फोन समोरच्या खुर्चीवर, पाहुण्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवून चित्रण करावे आणि ते दुसऱ्या दिवशी पाहावे. दुसऱ्या दिवशी आपण स्वतःकडे परक्याच्या नजरेने पाहतो, आणि डोळ्यांचे ते मिटणेही चित्रात दिसते. प्रेक्षकालाही ते दिसणार असते, म्हणून ते घालवण्याचाही वेगळा सराव करावा.

तळाचे पान

बॉटम डीलमध्ये डावा अंगठा वरचे पान नेहमीप्रमाणेच लोटतो. उजवा हात येतो, अंगठा त्या लोटलेल्या पानावर गेल्यासारखा दिसतो, परंतु खालची बोटे कॅटखाली किंचित पुढे सरकून तळाच्या पानाला पुढच्या उजव्या कोपऱ्याजवळ लागतात आणि ते बाहेर ओढतात. डावा अंगठा वरचे पान मागे घेतो. दोन्ही गोष्टी एकाच श्वासात झाल्या पाहिजेत. वरचे पान आधी मागे गेले तर उजवा हात रिकाम्या जागी पोचल्यासारखा वाटतो, आणि उशिरा गेले तर दोन पाने एकदम दिसतात.

तळाच्या पानाला बाहेर पडायला वाट लागते. कॅटचा भार अंगठ्याच्या बुडावर आणि मधल्या बोटाच्या टोकावर पेलला, तर तर्जनी आणि मधले बोट यांच्यामधल्या फटीतून पान निघू शकते. अनामिका कॅटखाली जराशी वाकवून तिने तळाचे पान रेसभर बाहेर ढकलण्याची रीतही जुनी आहे. तिने उजव्या हाताचे काम सोपे होते, पण अनामिकेची हालचाल मूठ उघडल्यासारखी दिसू नये यासाठी बराच काळ द्यावा लागतो. ही खोट इतकी सार्वत्रिक आहे की बॉटम डील पकडण्यासाठी जाणकार पानाकडे पाहतच नाहीत. ते डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी पाहतात. पान निघताना ती बोटे फुलासारखी उघडली की वाटणारा पकडला गेला. म्हणून सराव करताना करंगळी कडेला चिकटलेलीच राहील असे बंधन घालावे, भले आरंभी पान निघायला त्रास होवो.

पूर्ण कॅटची जाडी १६ मिलिमीटरच्या आसपास असते आणि लहान हाताला तेवढा ठोकळा पेलून तळाला वाट ठेवणे अवघड जाते. २० पानांनी सुरुवात करावी, ती सुरळीत झाली की दर आठवड्याला ४ वाढवावीत. येथे परीक्षा उलटी घ्यावी: चार एक्के तळाला ठेवावेत, चार जणांची वाटणी मांडावी आणि दर चौथे पान, म्हणजे स्वतःचे, तळाचे द्यावे. शेवटी आपल्या वाटणीचे पत्ते उलटावेत. तीनच एक्के आले तर कुठले पान चुकले हे कळते, आणि चूक बहुधा शेवटच्या पानाला झालेली असते, कारण काम संपत आल्याच्या आनंदात हात घाई करतो.

अंगठ्याच्या बुडाशी दुखू लागले की त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवावा. २०-२५ मिनिटांच्या दोन बैठका एका दीड तासाच्या बैठकीपेक्षा अधिक देऊन जातात.

सेंटर डीलबद्दल थोडेच लिहिते, कारण ती मला प्रयोगात दाखवता येईल इतकी आलेली नाही. कॅट कापल्यानंतर हवी असलेली पाने तळाहून पोटात जातात. ती जागा करंगळीने किंवा बारीकशा पायरीने, म्हणजे पाने किंचित पुढेमागे ठेवून, राखून तिथूनच पान काढायचे, अशी ती कल्पना आहे. अनेक जाणकार ही निव्वळ दंतकथा समजत असत. १९३२ साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात डाय व्हर्नन या जादूगाराला तुरुंगातल्या एका कैद्याकडून कळले की असे वाटणारा माणूस खरोखर आहे, आणि शोध घेत घेत तो मिसूरीतल्या प्लेझंट हिल या लहानशा गावी ॲलन केनेडी याच्यापर्यंत पोचला. केनेडीने ही वाटणी वर्षानुवर्षे एकट्याने घासूनपुसून तयार केली होती. तिचे वर्णन वाचून मी दोन वर्षे प्रयत्न केला; पान निघते, पण कॅट हातात ज्या तऱ्हेने हलतो ते लपत नाही. नवशिक्याने तिच्या मागे लागू नये.

सेकंड आणि बॉटम डील यांचे व्यवस्थित लेखी वर्णन हवे असेल, तर १९०२ मध्ये शिकागोत प्रसिद्ध झालेल्या, एर्डनेस या टोपणनावाने लिहिलेल्या ग्रंथाकडे जावे लागते. लेखक कोण हे आजवर निश्चित झालेले नाही. भाषा आवळलेली आहे, एकेक वाक्य हातात कॅट घेऊन तीन-चार वेळा वाचावे लागते, पण कृती करण्याआधीची आणि नंतरची मुद्रा सारखीच असली पाहिजे हा त्याचा आग्रह मला सर्वांत मोलाचा वाटतो. आणि हे काम डोळ्यांचे नसून स्पर्शाचे आहे याविषयी कोणाला शंका असेल, तर रिचर्ड टर्नर यांचे सेकंड डीलचे चित्रण पाहावे. लहानपणीच त्यांची दृष्टी जाऊ लागली, आणि आज पत्त्यांच्या वाटणीत त्यांच्या तोडीचा हात शोधूनही क्वचित सापडेल.

लोकांसमोर

सराव पुरेसा झाला की पहिला प्रयोग लहान ठेवावा. बदामची राणी प्रेक्षकाकडून कॅटच्या वर ठेवून घ्यावी आणि त्याला एक ते दहामधला आकडा विचारावा. त्याने सात सांगितला तर सहा वेळा दुसरे पान द्यावे आणि सातव्याला वरचे, खरेखुरे पान द्यावे. ती राणी असते. हा खेळ छोटा असला तरी त्यात शिकणाऱ्याला मोठी गोष्ट साधावी लागते, ती म्हणजे खोट्या पानांच्या ओळीनंतरचे एकमेव खरे पान वेगळे दिसू न देणे. नवशिक्याचा हात त्या खऱ्या पानाला सुटकेचा श्वास टाकतो, आणि समोरचा त्याच पानाकडे रोखून पाहत असतो.

तीन पत्तीचा प्रयोग त्यानंतर करावा. तीन राजे तळाला ठेवून, वरवर पिसताना तळ न हलवता, चौघांना वाटावे आणि स्वतःच्या तिन्ही वेळी तळाचे पान घ्यावे. बारा पानांत तीनच खोटी असतात, त्यामुळे हाताला ताण पडत नाही, आणि तीन राजांची ट्रेल उलटल्यावर होणारा गलका बडोद्यातल्या कोणत्याही घरात हमखास असतो. काय केले हे विचारल्यावर मी सांगते की तळाची पाने दिली, आणि मागणी झाल्यास पुन्हा वाटते. सांगूनही दिसत नाही तेव्हाच ते जमले असे मी धरते. त्याच डावात पुढे खरेच पत्ते खेळायचे असतील तर कॅट दुसऱ्याकडे देऊन मोकळे व्हावे.

आमच्या घरी परीक्षेची रीत तीच राहिली आहे. नवा कॅट उघडला की वहिनी पाठ करून बसतात, मी २० पाने खरी-खोटी मिसळून वाटते आणि संशय आला की त्यांनी हात वर करायचा. गेल्या माघात त्यांनी एकदाच, चौदाव्या पानाला हात वर केला. मी पान उलटून पाहिले, मोजून पाहिले. चौदावे पान खरे होते, वरचेच. वीसपैकी आठ खोटी पाने त्यांच्या कानाखालून निघून गेली होती आणि खरे पान जरा अधिक मोकळे पडले होते. सध्या मी रोज सकाळी २० मिनिटे फक्त खरी वाटणी करते, विलंबित तीनतालावर, एकही खोटे पान न देता.